दुधाचे दात बँकेत ठेवू, की मेलेला पुढचा दात आधी वाचवू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा मुलगा ९ वर्षांचा आहे. आठ महिन्यांपूर्वी शाळेच्या पटांगणावर कबड्डी खेळताना तो तोंडावर पडला आणि वरचा पुढचा दात अर्धा तुटला. दोन-चार दिवसांत दुखायचं थांबलं, म्हणून घरच्यांनी विषय सोडून दिला. आता तो दात राखाडी दिसतो. वर हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा येते. एका डॉक्टरांनी सांगितलं, काढून टाका, मोठा झाल्यावर इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेला कृत्रिम दात, बसवू. दुसरे म्हणाले, मूळ अजून पूर्ण झालेलं नाही, त्याच्याच स्टेम सेलच्या मदतीनं ते वाढवून बघता येईल. त्यातच कुणीतरी एक माहितीपत्रक दिलं की मुलाचे उरलेले दुधाचे दात बँकेत साठवा, पुढे त्यातून नवा दात तयार होईल. ताई विचारतात, पैसे एकाच गोष्टीला पुरतील, तर कशात घालू? आणि हा पुन्हा कबड्डी कधी खेळेल?

ताई, तुमच्या मुलाच्या बाजूनं बघितलं तर खरा प्रश्न बँकेचा नाहीच. त्याच्या तोंडात असा एक दात आहे, ज्याचा जीव गेला आहे, ज्याचं मूळ अर्धवट राहिलं आहे आणि ज्याच्या टोकाशी पू आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी ‘स्टेम सेल’ म्हटलं आणि माहितीपत्रकातही तोच शब्द आहे, म्हणून दोन्ही गोष्टी एकच वाटतात. त्या एक नाहीत. पहिल्या ठिकाणी त्या पेशी मुलाच्या जबड्यात, त्याच दाताच्या टोकाशी, आज या घडीला आहेत. दुसऱ्या ठिकाणी त्या गोठवलेल्या कुपीत राहणार, आणि त्या कुपीचं पुढे काय करायचं याचा मान्यताप्राप्त उपचार आज आपल्या देशात नाही. माझं मत आधीच सांगते: पैसा आणि वेळ दोन्ही त्या दाताला द्या, आणि याच महिन्यात द्या.

मी बेळगावात २२ वर्षं रूट कॅनालचंच काम करते आहे. लहान मुलांचे मार लागलेले पुढचे दात हा त्यातला मोठा भाग. तुमच्या मुलाचा एक्स-रे मी पाहिलेला नाही, त्यामुळे पुढच्या काही गोष्टी त्या एक्स-रेवर अवलंबून आहेत. जिथं तसं आहे तिथं मी सांगेन.

आधी हे समजून घ्या की साधं रूट कॅनाल का चालत नाही. वरचे मधले दोन दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात, पण येताना त्यांचं मूळ अर्धं-पाऊणच झालेलं असतं. ते लांब होऊन टोकाशी बंद व्हायला आणखी तीनेक वर्षं लागतात. तुमचा मुलगा पडला तेव्हा हे काम चालू होतं. आतली नस मेली आणि काम तिथंच थांबलं. अशा दाताचं मूळ पपईच्या पानाच्या देठासारखं असतं: भिंत पातळ, आत पोकळ, खाली, म्हणजे मुळाच्या टोकाशी, तोंड उघडं. आपण नेहमीच्या रूट कॅनालमध्ये जो रबरासारखा पदार्थ भरतो, त्याला अडवायला खाली निमुळतं टोक लागतं. इथं टोकच नाही, भरलेलं सगळं हाडात उतरेल. आणि कसंबसं भरलंच, तरी भिंती पातळच राहतात. दोन-चार वर्षांनी क्रिकेटचा चेंडू लागला की हिरडीपाशी मोडतो. हे मी अनेकदा बघितलं आहे.

आम्ही शिकत होतो तेव्हा अशा दातात कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट महिनोन्‌महिने बदलत राहायचो. खाली चुन्यासारखा कठीण थर धरला की मग भरायचं. वर्ष, कधी दीड वर्ष जायचं. पुढे कळलं की ती पेस्ट इतका काळ आत राहिली तर दात आणखी ठिसूळ होतो. मग एमटीए नावाचं सिमेंट आलं. ते ओल्या जागीही घट्ट होतं, त्यामुळे खालच्या उघड्या तोंडाशी त्याचा चार-पाच मिलिमीटरचा बूच बसवून एक-दोन खेपांत काम संपवता येतं. हा उपचार चांगला आहे, भरवशाचा आहे, आजही मी करते. पण त्यानं मूळ वाढत नाही. जितकं आहे तितकंच राहतं.

आता स्टेम सेलकडे येऊ. मराठीत मूळपेशी म्हणतात: अजून अमुकच व्हायचं असं न ठरलेली पेशी, जी गरजेप्रमाणे दाताचं, हाडाचं किंवा दुसरं ऊतक बनवू शकते. दातात अशा पेशी आहेत हे तसं अलीकडेच कळलं. २००० साली अक्कलदाढेच्या नसेतून त्या पहिल्यांदा वेगळ्या केल्या गेल्या. २००३ मध्ये पडलेल्या दुधाच्या दातांत सापडल्या. आणि २००६ मध्ये तुमच्या मुलाच्या दृष्टीनं सगळ्यांत महत्त्वाचा शोध लागला: वाढत्या मुळाच्या अगदी टोकाशी जो मऊ गोळा असतो, त्यातही या पेशी भरपूर असतात, आणि मूळ घडवणाऱ्या पेशी त्याच. त्या गोळ्याला रक्त आजूबाजूच्या जबड्यातून मिळतं. म्हणून वरची नस मेली, पू झाला, तरी खालच्या काही पेशी पुष्कळदा तग धरून राहतात.

गंमत अशी की उपचार या शोधाच्या आधीपासून चाचपडत सुरू होता. १९६१ मध्ये नॉर्वेतल्या नीगार्ड-ओस्टबी यांनी रिकाम्या कॅनालमध्ये मुद्दाम रक्त भरू दिलं आणि त्यात काय उगवतं ते पाहिलं. २००१ मध्ये जपानमध्ये एका मेलेल्या, पू झालेल्या दाताचं मूळ पुन्हा वाढल्याची नोंद झाली. २००४ मध्ये अमेरिकेत बँक्स आणि ट्रोप या दोघांनी त्याची पद्धत लिहून दिली. तिलाच आज रिव्हॅस्क्युलरायझेशन म्हणतात. तुमचे दुसरे डॉक्टर बहुधा याचबद्दल बोलत होते.

यात होतं काय? पहिल्या खेपेला दात बधिर करून, लाळ आत जाऊ नये म्हणून रबराचा पडदा लावून, आतली घाण औषधी पाण्यानं हळूहळू धुतात. कानस घालून भिंती खरवडत नाहीत, त्या आधीच पातळ आहेत. मग आत औषध भरून दात दोन ते चार आठवडे बंद ठेवतात. पुळी गेली, वास गेला, ठोकल्यावर दुखत नाही असं झालं की दुसरी खेप. या खेपेला वेगळ्या द्रावणानं भिंती धुतात, कारण त्यानं दाताच्या कठीण भागात अडकून राहिलेली वाढीची द्रव्यं मोकळी होतात. मग बारीक सुई मुळाच्या टोकाबाहेर दोनेक मिलिमीटर नेऊन मुद्दाम रक्त काढतात. ते रक्त कॅनालमध्ये वर चढतं आणि गोठतं. त्या गुठळीवर सिमेंट, सिमेंटवर कायमचं फिलिंग. बस, एवढंच. बाहेरून एकही पेशी आणलेली नसते.

पालकांना हे ऐकून विश्वास बसत नाही. ‘एवढंच असेल तर यात स्टेम सेल कुठं आल्या?’ असं निपाणीच्या एका वडिलांनी मला विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर २०११ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी दिलं. असं काढलेलं रक्त त्यांनी तपासलं तेव्हा अंगात फिरणाऱ्या साध्या रक्तापेक्षा स्टेम सेलच्या खुणा त्यात ६०० पटींपर्यंत जास्त निघाल्या. म्हणजे सुईनं रक्त काढताना आपण टोकाशी बसलेल्या पेशींनाच आत बोलावतो. रक्ताची गुठळी ही त्यांना चढायला मांडव, भिंतीतून सुटलेली द्रव्यं ही त्यांना खूण. वेलीला मांडव घालतो तसंच.

इथं एक चूक सांगते, माझी स्वतःची. सुरुवातीच्या काळातल्या एका मुलीच्या दातात दुसऱ्या खेपेला मी नेहमीचंच बधिरीचं इंजेक्शन दिलं. त्यात रक्तवाहिन्या आवळणारं अ‍ॅड्रेनॅलिन असतं, दात काढताना ते उपयोगी पडतं. इथं मात्र रक्तच येईना. मी पुन्हा पुन्हा सुई नेली, पोर बिचारी घाबरली, शेवटी बूच बसवून काम संपवावं लागलं. तेव्हापासून दुसऱ्या खेपेला अ‍ॅड्रेनॅलिन नसलेलंच इंजेक्शन भरलं आहे ना, हे मी स्वतः कुपी हातात घेऊन वाचते. दुसरी चूक धुण्याच्या पाण्याची. नेहमीच्या रूट कॅनालला आम्ही कडक सोडियम हायपोक्लोराइट वापरतो, जंतू मरावेत म्हणून. पण कडक असलं तर खालच्या पेशीही मरतात. या उपचारात ते दीड टक्क्याचं सौम्य घ्यायचं, आणि टोकाच्या अलीकडेच थांबून सावकाश सोडायचं. तिसरी गोष्ट रंगाची. पूर्वी आत तीन अँटिबायोटिकांची पेस्ट भरायचे. त्यातल्या मिनोसायक्लिननं दात निळसर करडा होतो. एका मुलीचा संसर्ग सुंदर बरा झाला, मूळही वाढलं, पण फोटोत ती ओठ मिटून हसायला लागली. मी आता कॅल्शियम हायड्रॉक्साइडच वापरते आणि वरचं सिमेंटही रंग न सोडणारं घेते.

हे एवढं सविस्तर अशासाठी लिहिलं की तुम्ही डॉक्टरांना हे विचारू शकता. रबराचा पडदा लावणार का, आत कुठलं औषध भरणार, दुसऱ्या खेपेला इंजेक्शन कोणतं. जे हा उपचार करतात त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. मुळाचं तोंड निदान एक मिलिमीटर उघडं हवं, तरच पेशींना वर यायला वाट मिळते. ९ वर्षांच्या मुलात बहुधा असतं, पण हे एक्स-रे सांगेल. दुसरं, मार. नुसत्या किडीनं किंवा दाताच्या जन्मजात उंचवट्यामुळे नस मेली असेल तर मूळ वाढण्याची शक्यता जास्त असते. मारानं मेलेल्या दातात टोकाचा तो गोळा आणि मुळाला आकार देणारं पेशींचं वेष्टणही चेचलेलं असू शकतं. दात नुसता तुटला होता, की हिरडीत घुसला किंवा बाहेर आला होता, हे डॉक्टरांना आठवून नीट सांगा. तिसरं, किती दिवस पू आहे. आठ महिने हा थोडा काळ नाही. पण पुळी आहे म्हणून सगळं संपलं असंही नाही. पुळी असलेल्या कितीतरी दातांचं मूळ मी वाढलेलं बघितलं आहे.

चौथी गोष्ट पुस्तकात एका ओळीत येते, पण आपल्या भागात तीच निर्णायक ठरते: पुन्हा पुन्हा येणं जमेल का? या उपचाराचा खरा निकाल सहा महिन्यांनी, वर्षानं, दोन वर्षांनी एक्स-रेत दिसतो. मधे काही बिघडलं तर वेळेत कळायला हवं. एका ऊसतोड कुटुंबातला दहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे होते, नंतर पाच-सहा महिने ते कुठल्या फडात असतील हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्या मुलाला मी रिव्हॅस्क्युलरायझेशन केलं नाही. एमटीएचा बूच बसवून दोन खेपांत काम संपवलं. कागदावर त्याच्यासाठीही स्टेम सेलचा उपचारच ‘चांगला’ होता, पण अर्धवट सोडलेल्या चांगल्या उपचारापेक्षा पुरा झालेला साधा उपचार त्याच्या कामाचा होता. तुम्ही कणकुंबी-जांबोटीकडच्या असाल आणि पावसाळ्यात वाट बंद होत असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. पहिली आणि दुसरी खेप पावसाच्या अलीकडे बसवता येते.

आणि अपेक्षा किती ठेवायची? तीन पायऱ्या समजा. पहिली: पुळी जाणं, हाड भरून येणं, दात शाबूत राहणं. हे बहुतेक दातांत साधतं. दुसरी: मूळ लांब होणं, भिंत जाड होणं. हे काहींत छान होतं, काहींत थोडं, काहींत अजिबात नाही, आणि आधी छातीठोकपणे सांगता येत नाही. तिसरी: दाताला पुन्हा संवेदना येणं. हेही काहींतच. येळ्ळूरच्या एका मुलाच्या दाताला चौदा महिन्यांनी मी थंड कापूस लावला आणि तो दचकून म्हणाला, ‘डॉक्टर, थंड लागुलालंय!’ त्या दिवशी मी घरी जाऊन तीनदा ते सांगितलं. पण प्रत्येक मुलाच्या आईला मी ते वचन देऊ शकत नाही.

आणखी एक खरं सांगायला हवं. आत जे ऊतक तयार होतं ते बहुतेक वेळा पहिल्यासारखी नस नसते. ज्या दातांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली त्यांत मुळाबाहेरच्या कठीण थरासारखं (त्याला सिमेंटम म्हणतात), हाडासारखं, मुळाभोवतीच्या दोऱ्यांसारखं ऊतक आत वाढलेलं आढळलं. म्हणजे ही दुरुस्ती आहे, जुन्या नसेचा पुनर्जन्म नव्हे. तरीही भिंत जाड करणारी दुरुस्ती पातळ पोकळ मुळापेक्षा मला कधीही जास्त मोलाची वाटते. आणि ती फसली तर बूच बसवण्याचा मार्ग पुष्कळदा नंतरही मोकळा असतो. म्हणून अशा वयात मी आधी हेच करून बघते.

‘काढून टाका’ या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही, निदान एक्स-रेत मूळ मोडलेलं किंवा विरघळलेलं दिसत नसेल तर. ९ वर्षांच्या मुलाला इम्प्लांट बसवता येत नाही. जबडा वाढत राहतो आणि इम्प्लांट हाडात रुतलेला तिथंच राहतो, शेजारचे दात खाली येतात आणि तो वर अडकल्यासारखा दिसतो. म्हणून १८-२० वर्षांपर्यंत, मुलांत कधी त्याहून पुढेही, थांबावं लागतं. तोवर दात नसलेल्या जागेचं हाड आक्रसून पातळ होतं, आणि इम्प्लांटच्या वेळी आधी हाडच भरायला लागतं. अगदी कमजोर दात जरी आठ-दहा वर्षं जागेवर टिकवला, तरी तो ते हाड राखून ठेवतो.

आता बँक. दुधाच्या दातांत स्टेम सेल असतात ही माहितीपत्रकातली गोष्ट खरी आहे. त्यांचा उपयोग करून बघितला गेला आहे हेही खरं आहे. २०१८ मध्ये चीनमधल्या शीआनच्या संशोधकांनी ४० मुलांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. मार लागून मेलेले पुढचे दात, अगदी तुमच्या मुलासारखे. त्यातल्या ३० मुलांच्या स्वतःच्या दुधाच्या दातातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या मेलेल्या दातात बसवायच्या आणि १० मुलांना नेहमीचा उपचार द्यायचा, अशी मांडणी होती. वर्षानंतर पेशी बसवलेल्या दातांत रक्तवाहिन्या आणि संवेदना असलेलं नसेसारखं ऊतक आढळलं. त्याआधी २०१७ मध्ये जपानमध्ये पाच मोठ्या माणसांवर त्यांच्याच दातातल्या पेशींचा असा प्रयोग झाला होता. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. एक दिवस हे बेळगावात होईल आणि मी ते करेन अशी माझी इच्छा आहे.

पण शीआनच्या चाचणीत एक बारकावा आहे, जो माहितीपत्रकात येत नाही. त्या मुलांचे दुधाचे दात वर्षानुवर्षं बँकेत ठेवलेले नव्हते. मुलाच्या तोंडात तेव्हा दुधाचा दात होता, तोच काढून वापरला. म्हणजे त्या चाचणीनं पेशींचा उपयोग दाखवला, बँकेची गरज दाखवली नाही. शिवाय तिथं दात उगवला नाही, दाताच्या आतली नस उगवली. ‘नवा दात तयार होईल’ हे वाक्य त्यातून निघत नाही.

आणि आपल्या देशाचा नियम. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत परवानगी फक्त नाळेच्या रक्ताच्या बँकेला आहे. दात, चरबी वगैरे इतर गोष्टींची व्यापारी साठवण करायला परवानगी नाही. त्याच तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बाहेर वाढवलेल्या स्टेम सेल रुग्णाला द्यायच्या त्या फक्त मंजूर चाचणीतच, आणि चाचणीत सामील होणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. त्यामुळे कुणी ‘आमच्याकडे स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन दात उगवतो, इतके हजार’ असं सांगितलं, तर पैसे मागितले यातूनच उत्तर मिळतं. खरी चाचणी असेल तर तिची सरकारी नोंदवहीत नोंद असते, नीतिसमितीची मंजुरी असते, आणि संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं. आपल्या सीमाभागात सही करायचे कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत समोर येतात आणि आपण गुपचूप सही करतो. इथं तसं करू नका. मराठीत मागा. तो तुमचा हक्क आहे, कुणाचा उपकार नव्हे.

रक्त काढून यंत्रात फिरवून त्याचा पिवळसर चिकट पडदा दातात ठेवतात, त्यालाही काही ठिकाणी स्टेम सेल उपचार म्हणून सांगतात. त्याचं नाव पीआरएफ. ती मुलाच्या रक्तातल्या रक्तबिंबिका (प्लेटलेट) आणि तंतूंची जाळी असते. रक्त नीट आलं नाही तर मांडव म्हणून मीही ती वापरते, चांगली गोष्ट आहे. पण तिला तिच्या नावानं ओळखावं आणि बिलही त्याच नावाचं असावं.

आपल्याकडे दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकायचा आणि उंदराला सांगायचं की तुझा दात मला दे. माझ्या आजीनं माझे सगळे दात असेच टाकले. पुढे शिकताना कळलं की उंदराचे पुढचे दात खरोखरच जन्मभर वाढतात, कारण त्यांच्या बुडाशी दाताचं वरचं कवच बनवणाऱ्या पेशींचा साठा कायम राहतो. माणसात त्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपतात. म्हणूनच माणसाचा पूर्ण दात स्टेम सेलमधून उगवणं हे नस वाढवण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. उंदराकडे मागायचं काय हे आपल्या बायकांना बरोबर कळलं होतं.

तुमच्या प्रश्नाखाली काहींनी आईवडिलांच्या पडलेल्या दातांबद्दल विचारलंय, म्हणून थोडक्यात. जपानमध्ये क्योतोला २०२४ मध्ये एका औषधाची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली, निदान एक दात नसलेल्या ३० पुरुषांवर. ते औषध स्टेम सेल नाही, दाताची वाढ रोखणाऱ्या एका प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड आहे, आणि त्याचा पहिला रोख जन्मतःच दात नसलेल्यांकडे आहे. मिश्रीनं, तंबाखूनं हिरड्या सुटून दात पडलेल्या आपल्या माणसांना आज त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. त्यांना हिरड्यांचा उपचार आणि चांगली कवळी आजच मिळू शकते.

कुठं जायचं? बेळगावात केएलईचं दंत महाविद्यालय आहे आणि मराठा मंडळाचं हलगेकर दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे खासगीपेक्षा खर्च बराच कमी येतो आणि मराठी बोलणारं कुणीतरी भेटतंच. रूट कॅनालच्या किंवा लहान मुलांच्या दातांच्या विभागात जा. सोबत जुना एक्स-रे असेल तर तो न्या, नसेल तर पडण्यापूर्वीचा मुलाचा हसरा फोटो न्या, दात किती तुटला हे त्यावरून कळतं. तोवर पुळी दाबून फोडू नका. दुकानातून आणलेल्या अँटिबायोटिकनं ती आठवडाभर बसेल आणि परत येईल, कारण मेलेल्या दाताच्या आत रक्त जात नाही आणि रक्त जात नाही तिथं गोळीही पोचत नाही. ताप आला किंवा ओठ-गाल सुजला तर मात्र त्याच दिवशी निघा.

आणि कबड्डी. उपचार चालू असेपर्यंत, म्हणजे दुसरी खेप होऊन पक्कं फिलिंग बसेपर्यंत, त्याला मैदानाबाहेर ठेवा. मग खेळू द्या, पण तोंडात माउथगार्ड घालून. दुकानातला आयता नको, तो सैल बसतो आणि मुलं थुंकून टाकतात. मापं देऊन दंतवैद्याकडून करून घ्या. या वयात दुधाचे दात पडून नवे येत असतात, त्यामुळे तो वर्षभरात घट्ट होईल आणि नवा करावा लागेल, ते खर्चात धरून ठेवा. शाळेतल्या सरांनाही एक सांगून ठेवा: एखाद्या मुलाचा पक्का दात आख्खाच निखळून पडला तर तो मुळाकडून न धरता वरच्या बाजूनं धरायचा, न घासता दुधात टाकायचा आणि तासाभरात दवाखाना गाठायचा. मूळ उघडं असलेल्या दातात, वेळेत परत बसवला तर, नस आपणहून पुन्हा जीव धरू शकते. पण दुधाचा दात निखळला असेल तर तो परत बसवायचा नसतो, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.